कोपऱ्यातला कर्णा

घड्याळाच्या शेजारी एक छोटा कर्णा बसलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर, वरच्या नाहीतर खालच्या पट्टीत, उजव्या अंगाला. त्याच्या तोंडातून कधी एक, कधी दोन, कधी तीन वाकड्या रेघा निघतात, आणि तोंड बंद केलं की त्याच्यावर फुली पडते. लिनक्स वापरणारे लोक याला ॲप्लेट म्हणतात. मोठा प्रोग्रॅम उघडायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी पट्टीवर बसवलेला छोटा प्रोग्रॅम. घड्याळ हे ॲप्लेट, बॅटरी हे ॲप्लेट, वायफाय हेही ॲप्लेटच. पण घड्याळाशी कुणाचं भांडण होत नाही. बॅटरी संपली तर आपण बॅटरीला बोल लावतो, तिच्या चित्राला नाही. कर्ण्याच्या नशिबी हे सुख नाही. आवाज आला नाही की माणूस आधी त्या चित्रावर टिचकी मारतो, मग जोरात मारतो, मग चार मारतो आणि शेवटी कुणाला तरी फोन लावतो.

आमच्या घराण्यात तो फोन मला येतो.

"अरे, कीर्तन दिसतंय, पण ऐकू येत नाहीये," मावशी म्हणते.

"मावशी, खाली उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र आहे बघ. त्याच्यावर फुली आहे का?"

"फुली नाही. रेघा आहेत तीन. त्याच्या मते आवाज चांगला खणखणीत आहे."

हे "त्याच्या मते" मला फार आवडलं. कारण कर्णा खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं दिसतं त्या हिशोबानं आवाज खरोखरच खणखणीत होता. मावशीही खोटं बोलत नव्हती. लिनक्सवरच्या आवाजाच्या बहुतेक तक्रारी अशाच दोन खऱ्या बोलणाऱ्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेल्या असतात.

आपल्याकडच्या पाण्यासारखंच आहे हे. नळ सोडला आणि पाणी आलं नाही तर दोष नळाचा असेलच असं नाही. ओट्याखालचा कॉक बंद असेल, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी फिरवला असेल, सोसायटीचा पंप लावायचा राहिला असेल, नाहीतर महापालिकेचा चावीवालाच अजून आपल्या गल्लीत पोचला नसेल. आवाजालाही इतकेच कॉक. यूट्यूबच्या चौकटीतली पट्टी एक. ब्राउझरच्या टॅबचं तोंड वेगळं बंद करता येतं, ते दुसरं. मग ब्राउझरला किती आवाज काढू द्यायचा हे ठरवणारी मधली यंत्रणा. मग सगळ्यांचा मिळून एकत्र आवाज. मग साउंड कार्डाच्या पोटातले 'मास्टर', 'पीसीएम', 'हेडफोन' वगैरे. आणि शेवटी बाहेरच्या स्पीकरच्या मागे धूळ खात बसलेलं गोल बटण, जे पुसताना कामवाल्या बाईंच्या हातून शून्यावर गेलेलं असू शकतं. यातला एक जरी बंद असला तरी बाकीचे उघडे असून उपयोग नाही. ॲप्लेटला दिसतो मधला एकच. तो उघडा आहे एवढं सांगून ते मोकळं होतं.

पूर्वी हे सगळे कॉक माणसाच्या हातात देण्याची पद्धत होती. १९९८च्या सुमारास यारोस्लाव किसेला नावाच्या चेक गृहस्थांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला आणि त्यातून 'अल्सा' ही लिनक्सची ध्वनियंत्रणा उभी राहिली. २००३च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, २.६ आवृत्ती आली तेव्हा ती घरोघर पोचली. अल्साचा एक शिरस्ता असा, की नव्यानं बसवल्यावर सगळे कॉक बंद. एकही आवाज नाही. एकदम कर्कश काही वाजून कान आणि स्पीकर दोन्ही जाऊ नयेत, असा हेतू असावा, आणि हेतू चांगलाच म्हणायचा. फक्त नव्या माणसाला वाटे, की साउंड कार्ड चालत नाही. तो कार्ड बदले. नवं कार्डही मौनात.

जाणते लोक मग सांगत, "टर्मिनल उघड आणि अल्सामिक्सर चालव."

अल्सामिक्सर आजही आहे आणि तो एकदा तरी पाहावाच. काळ्या पडद्यावर अक्षरांनी आखलेली चौकट. वर कार्डाचं नाव, त्याखाली चिपचं नाव, आणि मग एका ओळीत उभे राहिलेले खांब. प्रत्येक खांब खाली हिरवा, मध्ये पांढरा, वर लाल. खांबाच्या पायथ्याशी एक चौकोनी घर, त्यात '००' लिहिलेलं असलं तर वाट मोकळी आणि 'एमएम' असलं तर तोंड बंद. शून्य शून्य म्हणजे चालू! ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा भेटून विचारावं असं फार वाटतं. खालच्या नावांत मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम इथवर माणूस तग धरतो. मग येतं 'आयईसी ९५८', मग 'ऑटो-म्यूट मोड', मग 'लूपबॅक मिक्सिंग', मग 'बीप'. डावा-उजवा कान वेगवेगळा करायचा असेल तर क्यू आणि ई ही अक्षरं आवाज चढवतात, झेड आणि सी उतरवतात, दोन्ही मिळून हवे तर डब्ल्यू आणि एक्स. पट्टीचे लोक हे डोळे मिटून करतात. बाकीच्यांनी डोळे उघडे ठेवून केलं तरी 'एमएम' कुठे आहे ते सापडायला वेळ लागतो, कारण दोषी खांब बहुतेक वेळा पडद्याच्या उजवीकडे, चौकटीबाहेर दडलेला असतो आणि बाणाच्या कळीनं सरकत सरकत त्याच्यापर्यंत जावं लागतं.

त्याच काळात ग्नोम नावाच्या डेस्कटॉपच्या पट्टीवर आवाजाचं ॲप्लेट होतं. त्याच्यावर टिचकी मारली की एक उभी पट्टी खाली उलगडायची. दिसायला गोड. पण ती पट्टी कार्डातल्या नेमक्या कुठल्या खांबाला जोडलेली आहे हे ठरवायचं काम वापरणाऱ्याकडे. उजवी टिचकी, प्राधान्यं, तिथे यादी, यादीतून एक निवडा. काही कार्डांवर ती पट्टी 'मास्टर मोनो' अशा नावाच्या खांबाला बांधली जायची, ज्याचा तुमच्या स्पीकरशी काडीचा संबंध नसे. माणूस पट्टी वर ओढायचा, पट्टी मनापासून वर जायची, कर्ण्याच्या रेघा वाढायच्या, आणि खोलीत ढिम्म फरक पडायचा नाही. असं आज्ञाधारक आणि निरुपयोगी यंत्र मी सरकारी कचेरीबाहेर क्वचितच पाहिलं असेल.

तर हा एक पंथ. सगळं दाखवा, माणूस शहाणा आहे, तो निवडेल.

दुसऱ्या पंथाची पोथी वेगळी. २००२च्या सुमारास हॅवक पेनिंग्टन या ग्नोमच्या एका मुख्य कारागिरानं फ्री सॉफ्टवेअरच्या पडद्यांविषयी एक निबंध लिहिला होता. त्याचा रोख असा, की दिलेल्या प्रत्येक पर्यायाची किंमत असते. पर्याय वाढवत गेलात तर पडदा गर्दीनं भरतो, चाचण्या अवघड होतात आणि पुष्कळदा तो पर्याय म्हणजे करणाऱ्यानं टाळलेला निर्णय असतो. मला हा शेवटचा मुद्दा फार पटतो. लग्नघरात "जेवायला काय करायचं, तुम्हीच सांगा" असं पाहुण्यांना विचारणारा यजमान उदार वाटतो, पण त्याच्या घरी जेवण तीन वाजता होतं.

या दुसऱ्या पंथाला हाताशी मिळाला पल्सऑडिओ, म्हणजे मघाशी सांगितलेली ती मधली यंत्रणा. लेनार्ट पोएटरिंग या जर्मन माणसानं २००४पासून त्याच्यावर काम चालवलं होतं. फेडोरा आणि उबुंटू हे लिनक्सचे दोन अवतार. २००७च्या नोव्हेंबरात फेडोरा ८मध्ये तो पहिल्यांदा मुळातच बसवून आला आणि पुढच्या एप्रिलात उबुंटू ८.०४मध्ये. सुरुवातीला त्यानं लोकांना इतका छळला, की "आवाज येत नाही" या प्रश्नाला "पल्सऑडिओ काढून टाक" हे उत्तर कित्येक वर्षं चाललं. पण त्यानं दोन गोष्टी आणल्या. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी पट्टी दिली, आणि गाणं चालू असताना ते एका स्पीकरवरून दुसरीकडे हलवायची सोय केली. त्याआधी काही यंत्रांवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमनं बोलायचं अशी शिस्त होती. आपल्या कुठल्याही बैठकीत आजवर न जमलेली शिस्त ती, पण गाणं लागलं म्हणून निरोपाची टिंग ऐकू येत नाही याचं कौतुक कुणाला असणार?

२००९च्या मार्चात ग्नोम २.२६ आला आणि त्यानं खांबांचं जंगल तोडून टाकलं. एक पट्टी. आवाज जास्त किंवा कमी. बस्स. फेडोरा ११ची तयारी चालू होती, आणि तिथे खडाजंगी झाली. ज्यांच्या कार्डाला पल्सऑडिओचा अंदाज चुकत होता त्यांचा आवाज गेला तो गेलाच, आणि दुरुस्त करायला हातात खांबही उरले नाहीत. ज्यांना टेपरेकॉर्डर जोडून जुन्या कॅसेटी उतरवायच्या होत्या त्यांचा 'लाइन इन' गायब. शेवटी तडजोड म्हणून जुन्या घाटाचा मिक्सरही सोबत द्यायचं ठरलं. दोन सुना, दोन चुली.

माझं मत विचाराल, तर एका पट्टीवाल्यांचं बरोबर होतं, फक्त त्यांनी वेळ चुकीची निवडली. घरातलं सगळं प्लंबिंग तपासून झाल्याशिवाय मधले कॉक भिंतीत बुजवू नयेत, एवढंच त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

आता त्या एका पट्टीकडे जरा जवळून पाहू. तिच्यात वाटतं तेवढं सरळ काही नाही. ग्नोममध्ये कीबोर्डावरची आवाजाची कळ एकदा दाबली की सहा टक्के फरक पडतो. पाच नाही, दहा नाही, सहा. शून्यापासून चढत गेलात तर सहा, बारा, अठरा करत शहाण्णवला पोचता, आणि पुढच्या दाबाला शंभर, कारण एकशे दोनला जागा नाही. आता उतरा. चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी... म्हणजे चढताना लागलेली एकही पायरी उतरताना लागत नाही. खाली चार येतात, मग शून्य. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कळ दाबल्यावर पडद्यावर जी पट्टी उमटते तिच्यावर आकडा नसतो. केडीई हा दुसरा मोठा डेस्कटॉप, त्यांच्याकडे पायरी पाचाची आणि आकडा समोर. तिथे माणसं पंचेचाळीस ठीक की पन्नास यावर विचार करतात. आकडा दिसला की आपल्याला मत असतं.

आणि तो टक्का कशाचा? आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला ध्वनीची शक्ती साधारण दहापट करावी लागते. कान मुळात असा बेरकी आहे. कुजबुजही त्याला ऐकू यायला हवी आणि नाशिक ढोलाशेजारी तो टिकायलाही हवा. म्हणून पट्टी सरळ हिशोबानं चालवली तर पहिल्या पंधरा-वीस टक्क्यांतच सगळा आवाज येऊन जातो आणि उरलेली पट्टी शोभेची होते. पल्सऑडिओनं यावर घनाची युक्ती काढली: पट्टी अर्ध्यावर असेल तर ध्वनिलहरीची उंची अर्ध्याचा घन, म्हणजे एक अष्टमांश. डेसिबलमध्ये वजा अठरा. पट्टीवर पन्नास लिहिलेलं असतं, ते पन्नास हे कानाची समजूत घालण्यासाठी. अल्सामिक्सरनंही पुढे कानाच्या हिशोबाची पट्टी स्वीकारली, पण त्याचाच भाऊ एमिक्सर सांगितल्याशिवाय कार्डाच्या कच्च्या आकड्यांतच बोलत राहिला. त्यामुळे एकाच घरात एकाच आवाजाचे दोन टक्के सांगितले जातात. दोघंही खरे. पुन्हा तेच.

शंभराच्या पुढेही जाता येतं. ग्नोममध्ये त्यासाठी एक खटका आहे, केडीईत कमाल आवाज वाढवायची खूण आहे आणि त्यांची धाव दीडशेपर्यंत. पल्सऑडिओचा मोठा नियंत्रक तर एकशे त्रेपन्न टक्क्यांवर जाऊन थांबतो. हा त्रेपन्नचा आकडा कुठून आला? अधिक अकरा डेसिबल म्हणजे त्या घनाच्या हिशोबानं एकशे त्रेपन्न. अकराच का, याचं उत्तर मला तरी हौस असंच वाटतं. "एकशे एक टक्का येतो" म्हणणारा माणूस येत नाही हा आपला अनुभव. इथे एकशे एक टक्का येतो, पण थोडा फाटून येतो. हलक्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं व्याख्यान असेल तर वरचे पन्नास टक्के उपयोगी पडतात. मुळातच तारस्वरात मुद्रित केलेलं लावणीचं गाणं असेल तर ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि ढोलकी पत्र्याच्या डब्यावर वाजल्याचा भास होतो.

पल्सऑडिओनं आणखी एक खोड केली होती. एखाद्या प्रोग्रॅमनं स्वतःचा आवाज पूर्ण वाढवला, की सगळ्या यंत्राचा आवाजही त्याच्याबरोबर वर चढायचा. कागदावर कल्पना सुरेख होती: दोन पट्ट्यांचा गुणाकार माणसाच्या डोक्याला नको. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता कानात हेडफोन घालून बसलेल्या माणसानं नवा प्रोग्रॅम उघडला, त्या प्रोग्रॅमनं निरागसपणे आपली पट्टी शंभरावर नेली, आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. उबुंटूसह अनेकांनी ही सोय हळूच बंद करून टाकली.

आणि मौन? मौनाचे दोन प्रकार आहेत. पट्टी शून्यावर नेणं एक, आणि पट्टी साठावर ठेवून तोंड बंद करणं दुसरं. दुसऱ्या प्रकारात परत बोलायला लागल्यावर माणूस साठावर येतो, पहिल्या प्रकारात त्याला पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं. ग्नोम या दोहोंना एकच चित्र दाखवतो. शून्यावर गेलात की तोही म्हणतो मूक, फुली. मला हे आधी खटकायचं. पण जेवायला बसताना "टीव्ही बंद कर" असं म्हणणाऱ्याला पडदा बंद हवा की नुसता आवाज, हे तरी कुठे ठरलेलं असतं. कर्ण्यावर माउसचं चाक फिरवलं तर बहुतेक ठिकाणी आवाज कमी-जास्त होतो, आणि केडीईत चाकच दाबलं तर तोंड बंद. ही सगळी करामत कुणी मुद्दाम शिकवत नाही. ज्याला कळली त्याला ती अपघातानं कळली. टचपॅडची दिशा फोनसारखी उलटी करून घेतलेल्यांच्या यंत्रावर तर बोट वर सरकवलं की आवाज खाली, असाही प्रकार काही ठिकाणी होतो.

एवढं सगळं 'किती' या एका प्रश्नाभोवती. सहाची पायरी, घन, डेसिबल, रेघा किती काढायच्या. आणि मला आलेले फोन आठवतात त्यांत "आवाज किती आहे?" असं कुणी कधी विचारलेलं नाही. माणसं विचारतात, "आवाज कुठे गेला?" किंवा "हे कोण बोलतंय?" ब्राउझरच्या पंचवीस टॅबांत कुठेतरी एक जाहिरात बोलायला लागलेली असते, ती कोणती? कीर्तनकार ओठ हलवताहेत, त्यांचा आवाज कोणत्या भोकातून बाहेर पडतोय?

मावशीच्या बाबतीत तो मॉनिटरमधून पडत होता. डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवानं लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडून दिला होता. मॉनिटरनं वायरीतून कळवलं, की मीही ध्वनी घेऊ शकतो. लिनक्सनं भाबडेपणानं सगळा आवाज तिकडे वळवला. मॉनिटरला स्पीकरच नव्हते. हेडफोनसाठी मागे एक भोक होतं, त्या भोकातून बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात आले होते.

"मावशी, कर्ण्यावर टिचकी मार. यादी येईल. त्यात लॅपटॉपचं नाव निवड."

"यात लॅपटॉप असं काही नाही. 'टायगर लेक-एलपी स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी ऑडिओ कंट्रोलर' आहे. खाली परत तेच, पुढे एचडीएमआय आणि आकडा. वाघाचं तळं कुठलं घेऊ, वरचं का खालचं?"

ही नावं कुणी माणसांसाठी ठेवलेली नाहीत. चिप बनवणाऱ्यांनी कारखान्यात एकमेकांना ओळखू यावं म्हणून ठेवलेली सांकेतिक नावं उपकरणांच्या एका यादीत नोंदली जातात आणि तिथून तशीच मावशीच्या पडद्यावर उतरतात. वाघाचं तळं तरी चित्रदर्शी आहे. एएमडीच्या प्रोसेसरवाल्या कित्येकांच्या यादीत 'स्टारशिप स्लॅश मॅटिस' असतं, म्हणजे अंतराळयान आणि फ्रेंच चित्रकार यांतून एक निवडा आणि भजन ऐका.

ब्लूटूथनं यात आणखी एक भर घातली. नुसतं ऐकायचं असेल तर हेडफोन एका पद्धतीनं जोडला जातो, चांगल्या प्रतीचा आवाज, पण एकतर्फी. बोलायचंही असेल तर तो टेलिफोनच्या पद्धतीवर येतो, आणि तिथे ध्वनीचे नमुने सेकंदाला सहसा आठ हजार, नाहीतर सोळा हजार. एखादा प्रोग्रॅम मायक्रोफोन मागतो, यंत्र न विचारता पद्धत बदलतं, आणि रंगात आलेला भीमसेनजींचा मारवा अचानक लँडलाइनवरून यायला लागतो. ॲप्लेटवर रेघा तीनच. आवाज किती? तेवढाच. त्याच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नाही. २०२०च्या टाळेबंदीत, जेव्हा शाळा घरातल्या पलंगावर भरत होत्या, तेव्हा "बाई, तुमचा आवाज येत नाहीये" आणि "आवाज येतोय का?" या दोन वाक्यांत तासाची पहिली दहा मिनिटं जात. बाईंच्या यंत्रावर मायक्रोफोन शंभर टक्के असे. फक्त दुसरा मायक्रोफोन. आणि बरोबर मायक्रोफोन सापडलाच तर त्याचा 'बूस्ट' नावाचा खांब तीस डेसिबलनं वर असे, मग बाईंच्या आधी त्यांचा कुकर वर्गाला शिकवे.

'कुठे' आणि 'कोण' याचं उत्तर देणारा प्रोग्रॅम फार पूर्वीपासून आहे. पल्सऑडिओचा तोच एकशे त्रेपन्नवाला नियंत्रक, ज्याला सगळे त्याच्या आखडलेल्या तांत्रिक नावानं, पावूकंट्रोल म्हणून, ओळखतात. त्यात पाच पानं. पहिल्यावर बोलणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी, आणि पट्टीखाली आवाजाबरोबर थरथरणारी दुसरी बारीक पट्टी. ती थरथर पाहिली की निम्मं निदान तिथेच होतं. पट्टी थरथरतेय म्हणजे पाणी इथवर आलंय. अडथळा पुढे आहे. थरथरत नाही म्हणजे मागे. तो दिसायला रुक्ष आहे, नावं तीच वाघाच्या तळ्याची, पण प्रामाणिक आहे. २०२१च्या एप्रिलात फेडोरा ३४नं पल्सऑडिओच्या जागी विम टेमन्स यांचं पाइपवायर आणलं, पुढच्या वर्षी उबुंटूनंही आणलं, खालचं सगळं प्लंबिंग बदललं, आणि हा नियंत्रक जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू राहिला, कारण पाइपवायर पल्सऑडिओचीही भाषा बोलतं.

ॲप्लेटांना ही अक्कल यायला वेळ लागला. केडीईच्या कर्ण्यावर टिचकी मारली तर दोन कप्पे उघडतात, एकात उपकरणं आणि दुसऱ्यात प्रोग्रॅम. एकात 'कुठे', दुसऱ्यात 'कोण'. ग्नोमनं २०२२च्या सप्टेंबरात, ४३व्या आवृत्तीत, पट्टीशेजारी एक बाण दिला. तो दाबला की उपकरणांची यादी येते. प्रोग्रॅमांच्या पट्ट्यांसाठी मात्र अजून सेटिंग्जमध्ये आत जावं लागतं. ग्नोमवाल्यांचा संयम मला एरवी आवडतो, पण इथे मी केडीईच्या बाजूचा. मध्यरात्री कुठला टॅब बोंबलतोय हे शोधताना सेटिंग्जमध्ये जायला माणसाला वेळ नसतो. तो सरळ सगळ्यांचं तोंड बंद करतो आणि सकाळी गजर वाजत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्स आणि उबुंटू शिकवणारे धडे मराठीतही बोलून ठेवले आहेत. अतिशय उपयोगी काम. मी मावशीला त्यांचा दुवा पाठवला होता. तिचा उलट निरोप आला: "बाई छान सांगत असाव्यात. आधी आवाज आण."

आवाज आला, लॅपटॉपमधून. आता प्रश्न उरला तो पुन्हा मॉनिटर जोडल्यावर कोणतं तळं निवडायचं याचा. पाइपवायरबरोबर वायरप्लंबर नावाचा एक कारभारी येतो (हे नाव ठेवणाऱ्याचे मात्र मी आभार मानतो) आणि त्याच्या फायलीत दोन-चार ओळी लिहिल्या की उपकरणाचं पडद्यावर दिसणारं वर्णन बदलता येतं. सर्वसामान्य माणसानं हे स्वतः करावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. खरं तर यादीतल्या नावावरच टिचकी मारून ते बदलता यायला हवं. पण दिवाळीला गेलो तेव्हा मी बसून ते केलं, आणि नावं मावशीनं सांगितली. पहिलं 'लॅपटॉप'. ब्लूटूथ हेडफोनचं तिनं 'कानातलं' असं ठेवलं. तिसऱ्याला, म्हणजे मॉनिटरला, मी 'मॉनिटर' लिहायला लागलो तर तिनं हात धरला.

"मॉनिटर कशाला? परत माझ्या हातून तेच दाबलं जाईल. 'इथे नको' लिही."

आता तिच्या कर्ण्यावर टिचकी मारली, की यादी येते: लॅपटॉप, कानातलं, इथे नको.